पन्नास बेरीचा डॉक्टर

'वन पीस' या जपानी चित्रकथेत समुद्री चाचा लुफीच्या डोक्यावरचं सरकारी इनाम 10 कोटी बेरींवरून (बेरी हे तिथलं चलन) 30 कोटींवर गेलं, त्याच वेळी त्याच्या टोळीतल्या टोनी टोनी चॉपरचंही पहिलंवहिलं पोस्टर निघालं. इनामाची रक्कम 50 बेरी. पुढे लाख नाही, हजार नाही, नुसते 50. बिरुद लावलं तेही 'बुढ्ढी के बाल आवडणारा चॉपर' असं. सरकारच्या लेखी तो टोळीनं पाळलेला प्राणी. त्याच्या जरा आधी, एनिएस लॉबीच्या लढाईत, याच पाळीव प्राण्यानं एकामागून एक तीन रंबल बॉल (रूपं बदलायची ताकद वाढवणाऱ्या गोळ्या) गिळले होते, स्वतःची शुद्ध हरपून इमारतीएवढा राक्षस झाला होता आणि एका सरकारी मारेकऱ्याला उडवून लावलं होतं. तो राक्षस आणि हा निळ्या नाकाचा, गुलाबी टोपीवाला बुटका एकच, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पोस्टर पाहून चॉपर हिरमुसतो. माझा भाचा इथे खदाखदा हसतो. मलाही हसू येतं, पण पुढच्या पानावर गेल्यावर ते 50 बेरी जरा टोचत राहतात.

'वन पीस' ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एइइचिरो ओदा यांची ही चित्रकथा जुलै 1997 पासून 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात चालू आहे, पुस्तकांनी शंभरी कधीच ओलांडली. तोएइ कंपनीची अ‍ॅनिमेशन मालिका ऑक्टोबर 1999 पासून. गवती टोपी घालणारा, रबरासारखा ताणला जाणारा लुफी हा पोरगा समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघालाय आणि वाटेत एकेक माणूस जोडत जातो. चॉपर त्यातला डॉक्टर. जन्मानं रेनडिअर. 'माणूस-माणूस फळ' खाल्ल्यामुळे त्याला बोलता येतं, दोन पायांवर चालता येतं, आकार बदलता येतो. त्याची मूळ कथा पंधराव्या ते सतराव्या पुस्तकात येते, मालिकेत साधारण 78 ते 91 या भागांत. बाकी काही पाहायला वेळ नसेल तर तेवढंच पाहा. पहिले दोनचार भाग संथ आहेत, तेवढे सोसा.

टोळी त्या बर्फाळ ड्रम बेटावर पोचते ती डॉक्टर शोधत. टोळीतली नामी तापानं फणफणलेली असते. आधीच्या बेटाच्या जंगलात तिला एक गोचीड चावलीय, आणि हा आजार पाच दिवसांत माणूस संपवतो. बेटावर विचारलं तर कळतं की डॉक्टर असा एकच, तीही एक म्हातारी, डोंगराच्या टोकावर राहणारी. का? तर इथल्या वापोल नावाच्या राजानं देशातले सगळे डॉक्टर हाकलून दिले आणि निवडक वीसजण स्वतःच्या वाड्यात ठेवले. कुणाला औषध हवं असेल त्यानं राजापुढे नाक घासायचं. मुलांच्या चित्रकथेत खलनायकाकडे तलवार असते, तोफ असते. ओदांनी या राजाच्या हातात दवाखाना दिला. मला हा सगळ्या मालिकेतला सर्वांत ओळखीचा खलनायक वाटतो. घरात कुणी रात्री दोनला आजारी पडलं असेल आणि डिपॉझिट भरल्याशिवाय हलू नका असं ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना वापोल समजावून सांगावा लागत नाही.

चॉपर या बेटावरचाच. निळं नाक घेऊन जन्मला म्हणून कळपानं त्याला कायम शेवटी ठेवलं. मग ते फळ खाल्लं आणि उरलासुरला कळपही सुटला. माणसांत जावं म्हणून माणसाच्या रूपात गावात उतरला, तर ते रूप इतकं दांडगं, केसाळ की लोकांना हिममानव वाटला आणि त्यांनी गोळ्या घातल्या. रक्ताळलेल्या अवस्थेत बर्फात पडलेला असताना त्याला डॉक्टर हिरुलुक भेटतो. चॉपर त्यालाही झटका देऊन लांब फेकतो. त्यावर हिरुलुक काय करतो? अंगावरचे सगळे कपडे काढतो. त्या थंडीत, त्या बर्फात, दिगंबर उभा राहून ओरडतो की मी तुला गोळी घालणार नाही. प्रसंग काढलाय विनोदी ढंगानं, म्हाताऱ्याचं नाक गळतंय वगैरे. मी पहिल्यांदा हसले आणि हसता हसता गप्प झाले. लपवायला माझ्याकडे काही नाही, हे मुक्या जनावराला पटवायचा याहून सरळ उपाय कुणाला सुचेल?

आता हा हिरुलुक म्हणजे, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या भाषेत, बोगस डॉक्टर. पूर्वायुष्यात चोर. असाध्य हृदयविकार झालेला असताना त्यानं डोंगरभर फुललेली साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, पाहिली आणि तो बरा झाला, असं तो सांगतो. तेव्हापासून ठाम समज की या जगात बरा न होणारा आजार नाही. आजारी देशाला बरं करायला बर्फाच्या बेटावर साकुरा फुलवायची, या वेडापायी तीस वर्षं प्रयोग. मधल्या वेळात गावकऱ्यांच्या घरात जबरदस्तीनं घुसून भलतीसलती औषधं पाजायची आणि लोक मागे लागले की पळायचं. कळवळा खरा, ज्ञान शून्य. चॉपर जवळजवळ वर्षभर त्याच्याजवळ राहतो. नाव त्यानंच दिलेलं. टोपीही त्यानंच दिलेली. घराबाहेर चाच्यांचा कवटीचा झेंडा फडकत असायचा, आणि तो दाखवून हिरुलुकनं चॉपरला शिकवलं होतं की हे अशक्याशी दोन हात करणाऱ्यांचं निशाण.

पुढचं सगळं या एका शिकवणीतून घडतं. हिरुलुक मरणाला टेकलाय हे चॉपरला कळतं. तो वैद्यकाचं पुस्तक उघडतो, त्यात एका अळंबीच्या चित्रापाशी कवटी आणि दोन हाडं छापलेली. त्याच्या दृष्टीनं अर्थ उघड आहे. हेच ते रामबाण औषध. अळंबी शोधायला तो जीव टाकून जातो, जुन्या कळपाशी झुंजतो, त्यात शिंग तुटतं (डाव्या शिंगाच्या बुडाशी दिसणारी धातूची पट्टी तिथली), सरपटत परत येतो आणि अळंबी म्हाताऱ्याच्या हाती देतो. हिरुलुक तिचं सूप करून पितो. काय पितोय हे त्याला ठाऊक असतं की नाही, याची ओदा फार चर्चा करत नाहीत. पिऊन झाल्यावर म्हातारा आनंदानं नाचतो, अंगात बळ आलं म्हणतो, पोराचे आभार मानतो. बस्स.

माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र होतं. त्यामुळे कवटीचं चित्र मला अक्षरांच्या आधी कळलं. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल, पिवळा, निळा, हिरवा, विषाच्या उतरत्या क्रमानं. लाल रंगाच्या डब्यावर कवटी. आम्हा पोरांना त्या फडताळापाशी फिरकायची बंदी होती. गिऱ्हाइकांत न वाचता येणारी पुष्कळ, त्यांच्यासाठीच हे रंग. पण वडील म्हणायचे, रंगाचा अर्थही कुणीतरी सांगावा लागतो, तो पोटातून येत नाही. प्रत्येक लाल डब्यामागे ते तेच ते दळण दळायचे, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, तोंडाला फडकं बांधा, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. गिऱ्हाईक 'हो, हो' म्हणत पैसे मोजायचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हा वडील दोन दिवस धड जेवले नाहीत. दुकान कधीच बंद झालं होतं आमचं, गावही वेगळं. तरी.

म्हणून चॉपरची ती अळंबी मला नुसता रडवणारा प्रसंग वाटत नाही. त्या पोरानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास, त्यानं सांगितलेल्या अर्थानं त्यानं खूण वाचली.

अळंबी विषारी होती हे त्याला सांगते ती डोंगरावरची डॉक्टरीणबाई, कुरेहा. वय 139, अंगात पोटाजवळ उघडा शर्ट, हातात दारूची बाटली, फी म्हणून रोग्याचं घर धुऊन नेणारी. प्रेमळ आजी वगैरे अजिबात नाही. ती चॉपरला जवळ घेत नाही. ती त्याला सांगते की नुसत्या मायेनं माणसं वाचत नाहीत, वाचवायची असतील तर त्याला विद्या लागते, हात तयार असावा लागतो. आणि हे ती कधी सांगते? त्याचं जग कोसळलेलं असताना. माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्याही चित्रकथेत हे वाक्य अशा वेळी आलं नसतं. तिथे कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हटलं असतं की तुझी भावना खरी होती, तेवढं पुरे. कुरेहाच्या मते पुरे नाही.

हिरुलुक मात्र त्या अळंबीला मरण देऊ देत नाही. वापोलनं सापळा लावलेला असतो की वाड्यातले वीसही डॉक्टर आजारी पडलेत, आणि देशाला आता डॉक्टरच उरला नाही म्हणून हा वेडा वाड्यावर धावतो. तिथे ते वीसजण ठणठणीत. आपण फसलो हे कळल्यावर म्हातारा म्हणतो, बरं झालं, कुणी आजारी नाही. मग स्वतःच बनवलेलं स्फोटक पिऊन तिथेच स्वतःला संपवतो, पोराच्या सुपानं नाही. मरण्याआधी विचारतो, माणूस कधी मरतो? गोळी लागल्यावर नाही, असाध्य रोगानं नाही, विषारी अळंबीचं सूप पिऊन नाही. लोक विसरतात तेव्हा मरतो. हे वाक्य आता टी-शर्टावर छापलेलं मिळतं. छापणारे सुपाचा उल्लेख गाळतात, आणि सगळा जीव तर त्या सुपातच आहे. तो तत्त्वज्ञान सांगतच नाही आहे. एका पोराला आयुष्यभर पुरेल अशा अपराधातून मोकळं करतोय.

यानंतर चॉपर रडत कुरेहापुढे उभा राहतो आणि मला डॉक्टर करा म्हणतो. रामबाण औषध मीच होईन म्हणतो. पुढची सहा वर्षं ती त्याला शिकवते. ही सहा वर्षं ओदांनी दाखवलीच नाहीत, आणि माझी त्यांच्याविषयी तक्रार आहे ती हीच. मारामारीचा सराव पानंच्या पानं चालतो, अभ्यासाला एक चौकट. त्या पोरानं शरीररचना कशी पाठ केली, खुरांनी टाके घालायला कसा शिकला, कुरेहानं किती वेळा सुरी भिरकावली, ते मी मजेत दहा प्रकरणं वाचलं असतं.

सहा वर्षांनी लुफी येतो. नामीला पाठीवर बांधून, टोळीतल्या जखमी सांजीला दातात धरून, 5000 मीटर उंच कडा उघड्या हातांनी चढून. नामी बरी होते, वापोलचा निकाल लागतो आणि लुफी चॉपरच्या मागे लागतो की चल आमच्याबरोबर. चॉपर त्याला कारणं देतो. मी रेनडिअर आहे, मला शिंगं आहेत, खुरं आहेत, नाक निळं आहे, मी राक्षस आहे, मी माणूस नाही, तुमचा मित्र कसा होणार, बोलावलंत याबद्दल आभार. आपल्याकडे कुणी अशी यादी वाचली तर समोरचा एकेक मुद्दा खोडून काढेल. अरे तुझं नाक किती छान आहे, तू राक्षस कसला. लुफी एकही मुद्दा खोडत नाही. तो आभाळाकडे तोंड करून ओरडतो, 'गप रे! चल!' संपलं.

आता गंमत पुढे आहे. गलबत बेटापासून दूर गेल्यावर नामी सहज बोलते की आता आपल्याकडे डॉक्टर आहे. लुफी, सांजी आणि टोळीतलाच उसॉप, तिघेही थक्क. कोण, हा? डॉक्टर? नामी कपाळाला हात लावून विचारते, मग घेतलात कशाला याला? लुफी म्हणतो, सात रूपं घेणारा मजेशीर रेनडिअर म्हणून. सांजी म्हणतो, अडीअडचणीला खायला. वाचकही हसतो आणि पान उलटतो. पण जरा थांबून पाहा. नाताळच्या गाण्यातला लाल नाकाचा रुडॉल्फ आठवतो? 1939 साली अमेरिकेतल्या एका दुकानदार कंपनीनं वाटायला काढलेल्या पुस्तिकेतून तो जन्मला. त्यालाही सवंगडी हसायचे. एका धुक्याच्या रात्री त्याच्या नाकाचा उजेड सांताच्या गाडीला उपयोगी पडला, आणि मग सगळ्यांना तो आवडू लागला. चॉपरचा वाढदिवस 24 डिसेंबरला आहे, तेव्हा ओदांच्या मनात हा रुडॉल्फ असणारच. पण चॉपरचं निळं नाक 25 वर्षांत एकदाही कुणाच्या कामी आलेलं नाही. ते निळं आहे, एवढंच. त्याची डॉक्टरकी फार मोठ्या कामाची, पण ज्यांनी त्याला हाताला धरून नेलं त्यांना ती ठाऊकच नव्हती.

मला चॉपर आवडतो तो या दोन गोष्टी एकाच अंगात वागवतो म्हणून. टोळीनं त्याला काहीही न विचारता घेतलं, म्हणून त्याला काही सिद्ध करायची गरज नाही. आणि सूप आठवतं, म्हणून शिकल्यावाचून गत्यंतर नाही. लाड होतात तेव्हा हा प्राणी कमालीचा लाजतो. 'तू म्हणालास म्हणून मला काय आनंद झालाय होय रे, गाढवा!' अशा शिव्या देत अंग घुसळून नाचतो. लपायचं असेल तर दाराआड अर्धा चेहरा घालतो आणि बाकी सगळं धड बाहेर ठेवतो. कुणी जखमी झालं की 'डॉक्टर! डॉक्टरला बोलवा!' म्हणून सैरावैरा धावतो आणि मग त्याला आठवतं की डॉक्टर आपणच. पण एकदा रोग्यापाशी बसला की त्याचा आवाज बदलतो. (मूळ जपानीत त्याला आवाज इकुए ओतानी देतात, पिकाचूही त्याच. नेटफ्लिक्सच्या जित्याजागत्या माणसांच्या मालिकेत दुसऱ्या पर्वात हे काम मिकेला हूव्हरकडे गेलं.) लुफीसारख्या कप्तानाला 'हलायचं नाही' असं दरडावून सांगायची हिंमत त्या गलबतावर त्याचीच.

आणि त्याचे शत्रू पाहा. थ्रिलर बार्क या अवाढव्य गलबतावर हॉगबॅक भेटतो, जगप्रसिद्ध शल्यविशारद, चॉपर आधी त्याचा भक्त. पण त्यानं मेलेल्यांची शरीरं शिवून चालती केलीत हे पाहिल्यावर चॉपरची सगळी भक्ती गळून पडते. पंक हॅझर्ड बेटावर सीझर नावाचा शास्त्रज्ञ पळवून आणलेल्या लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटांतून व्यसन लावतो. ते द्रव्य चॉपर ओळखतो, कारण कुरेहाकडे त्यानं ते अगदी मोजून, औषध म्हणून वापरलेलं पाहिलंय. ती अळंबी पुन्हा पुन्हा समोर येत राहते, फक्त आता ती वाचता येते.

बाजारात मात्र या डॉक्टरचा पत्ता नाही. बाहुल्या, उशा, मोबाइलची कव्हरं, किल्ल्यांची लटकनं, सगळीकडे चॉपर. कथेतल्या दोन वर्षांच्या खंडानंतर ओदांनी त्याला आणखी गोल, आणखी बुटका केला. डोकं केवढं आणि अंग केवढं! दुकानांना सोयीचं, मला नाही. सुरुवातीच्या पानांतला चॉपर जरा ओबडधोबड होता, त्याच्याकडे पाहून भीती वाटू शकेल इतपत जनावर त्याच्यात शिल्लक होतं, आणि ते हवंच होतं. भाचा म्हणतो, मावशी, तू म्हातारी झालीस. असेल.

ओदा मूळचे कुमामोतोचे. 14 आणि 16 एप्रिल 2016 ला तिथे मोठे भूकंप झाले. ओदांनी लुफीच्या नावानं 80 कोटी येन मदत दिली, आणि पुढे जिल्ह्यात ठिकठिकाणी या टोळीचे कांस्यपुतळे उभे राहिले. चॉपरचा कुठे ठेवलाय? कुमामोतो शहराच्या प्राणिसंग्रहालयात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते मी. पुन्हा पाळीव प्राणीच! नंतर कळलं की भूकंपात ते संग्रहालयही खचलं होतं, मोठी हिंस्र जनावरं दुसऱ्या गावांना हलवावी लागली, आणि ते पूर्णपणे उघडायला 2018 चा डिसेंबर उजाडला. दुखापत झालेल्या जनावरांत डॉक्टर उभा केलाय, असं म्हटलं तर राग जातो. बराचसा.

इनाम पुढे वाढलं. 50 चे 100 झाले, आणि वानो देशातल्या युद्धानंतर 1000. त्याच वेळी लुफीचे झाले 300 कोटी. वानोत चॉपरनं काय केलं होतं, ते सरकारी कारकुनाला दिसलं नसावं. शत्रूपक्षातला क्वीन लढाई चालू असताना एका रोगाची साथ पसरवतो. लागण झालेला माणूस बर्फाळ राक्षस होऊन दिसेल त्याच्यावर तुटून पडतो, आणि थोड्या वेळात मरतो. क्वीन ती स्वतःच्याच माणसांतही सोडतो, गंमत म्हणून. चॉपर त्या गदारोळात उतारा तयार करतो, आणि तो हवेतून सगळीकडे पसरवतो. आपले कोण, परके कोण, हे निवडत बसत नाही. शुद्धीवर आलेले शत्रूचे शिपाई पाहतात की आपल्या सरदारानं आपल्याला मारायला काढलं होतं आणि समोरच्या डॉक्टरनं वाचवलं. क्वीन चॉपरवर चालून येतो तेव्हा हेच शिपाई डोळे पुसत त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहतात आणि सांगतात, तनुकीसाहेबांना हात लावायचा नाही. तनुकी म्हणजे जपानातलं एक रानकुत्रं, दिसायला रॅकूनसारखं. चॉपरला आयुष्यभर सगळे तेच समजत आलेत.

'मी रेनडिअर आहे!' असं तो यांच्यावरही ओरडतो.